चौकटीवरचा आकडा

मे महिन्यात शाळा बंद झाली, तेव्हा
प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर
मी खिशात घालून घरी आणला.
चोरी नव्हे. रजिस्टरात लिहिलं होतं: 'दुरुस्तीसाठी'.
दुरुस्त काय करायचं, ते लिहिलं नव्हतं.

नवतपा लागलेला.
हिंगणघाटहून आणलेला कूलर बैठकीच्या खिडकीत,
नव्या वाळ्याचा वास, टाकीत चार गुंड पाणी,
समोर खाटेवर बाबाजी, त्यांच्या पायाशी प्रांजली,
तिच्या पायाशी मांजर.
हवेत ज्याचा त्याचा नंबर ठरलेला.

मी घरभर फिरलो, डॉक्टर वार्डात फिरतो तसा.
प्रत्येक खोलीत पाच मिनिटं उभं राहायचं
आणि चौकटीवर खडूनं आकडा लिहायचा.
बैठक, एकोणतीस.
तुरीच्या पोत्यांची खोली, सदतीस.
सैपाकखोली: वर टिन, खाली चूल,
पारा चढतच राहिला,
त्रेचाळीसवर मीच बाहेर आलो.

पुष्पलता तव्यावरची भाकर उलटवत म्हणाली,
"आकडा तं लेहला.
आता भाकर कोन टाकते, तेही लेहा."

लिहिलं नाही.
कूलर घरात आला, म्हणजे हवा घरात आली,
असा माझा हिशोब.
घरात म्हणजे कुठं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

गफ्फार मिस्त्री मोटर पाहायला आला.
मोटर ठीक होती. तो घराकडेच पाहत बसला.
"हवेले जायले रस्ता नाई ना, गुरुजी,"
(मी गुरुजी नाही, शिपाई आहे; तो सगळ्यांनाच म्हणतो)
"मंग थे येईन कायले? आंधी मांगची खिडकी खोला."

मागची खिडकी. सात वर्षं पत्रा ठोकलेला,
पत्र्याला टेकून गोवऱ्या,
पत्र्यामागं चिमणीचं वाळलं घरटं
आणि माझी हरवलेली कानस.
पुष्पलतानं युरियाच्या पिशव्या उसवल्या, धुतल्या,
त्यांची एक लांब नळी शिवली, अजगराएवढी;
एक तोंड कूलरला, दुसरं दारावरून सैपाकखोलीत.
पोत्यांच्या खोलीला जाड चादरीचा पडदा.
तुरीला ओल नको, तिला उन्हाळा चालतो.

बटण दाबलं.
नळी फुगली, थरथरली, एका शिवणीतून फुसफुसली.
चुलीतला जाळ आडवा झाला.
पुष्पलतानं परातीचा आडोसा केला,
काही बोलली नाही,
फक्त भाकर थापता थापता मान जराशी मागं टाकली,
न्हाणीत पहिला तांब्या अंगावर घेताना टाकतात तशी.

सैपाकखोली, छत्तीस.
बैठक, तेहतीस.
हे दुसरं मी सांगणार नव्हतो. बाबाजींनाच कळलं.
"हवा कमी झाली बे. बिघडला काय कूलर?"
बिघडला नाही, बाबाजी.
चार डिग्री सैपाकखोलीत गेल्या.
ते थोडा वेळ छताकडे पाहत पडले.
मग उठून खाट ओढली, आतल्या दाराकडं,
हातभर.

त्या रात्री दोन वाजता लाइट गेली
आणि सगळे अंगणात आलो,
जिथं कोणत्याच चौकटी नाहीत.

जूनच्या शेवटी थर्मामीटर परत.
रजिस्टरात: 'दुरुस्त'.

आता जानेवारी. नळी घडी घालून माळ्यावर,
बैठकीची फरशी पायाला चावते.
बाबाजी कांबळं घेऊन, प्रांजली वह्या घेऊन,
मांजर आपसूक, सगळे चुलीपाशी.
जागा पुरत नाही. पुष्पलता एकेकाला सरकवते:
"तुहे हात थंडे हायेत, इकडं ये.
तुमी लय शेकले, मांगं व्हा."
तिच्या हातात फक्त फुंकणी.

चौकटीवर त्रेचाळीस अजून आहे,
धुरानं पिवळा पडलेला.
पुसायला हात उचलला की म्हणते,
राहू द्या.